वारेवरची ढाल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

धायरी आज सिंहगड रस्त्यालगतचे गजबजलेले उपनगर आहे. उरलेसुरले गावही २०१७ साली पुणे महापालिकेच्या हद्दीत आले. माझ्या लहानपणी मात्र धारेश्वराच्या देवळामुळे ओळखले जाणारे ते शेतकऱ्यांचे गाव होते आणि बाळंतपणे घरीच होत. आमच्या आळीत एक सुईण होत्या. सगळे त्यांना आजीच म्हणत. मूल रडले की घरातली माणसे मुलाकडे धावत. आजी मात्र जागच्या हलत नसत. त्या वार पडण्याची वाट पाहत. पडलेली वार परातीत घेऊन, तिच्यावर पाणी ओतून, उलटसुलट करून बघत. तुकडा आत राहिला तर बाई रक्तस्रावाने दगावते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. मग ती वार मडक्यात घालून परसात पुरली जाई.

त्याच आळीत एक वहिनी राहत. त्यांना तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा पोटातले मूल टिकले नाही. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे पितरांचे काही राहिले आहे. नवस झाले, अंगारे झाले. शेवटी ‘हिच्या पोटात काही टिकतच नाही’ हे वाक्य पक्के झाले आणि त्यांच्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. गर्भ का गेला हे कोणी विचारले नाही. विचारले असते तरी उत्तर देण्याची सोय तेव्हा नव्हती. आजींच्या परातीत डोळ्यांना दिसेल असे ते कारण नव्हतेच. आज सांगायची आहे ती त्या न दिसणाऱ्या गोष्टीची हकीकत.

आधी वारेविषयी थोडे. पूर्ण दिवसांच्या बाळाची वार साधारण अर्धा किलो भरते. तिच्यात झाडाच्या फांद्यांसारखे असंख्य बारीक अंकुर असतात आणि ते आईच्या रक्तात बुडालेले असतात. अंकुराच्या आत बाळाचे रक्त, बाहेर आईचे. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, पण प्राणवायू आणि अन्न पलीकडे जाते. हे सगळे अंकुर उलगडून पसरले तर त्यांचा पृष्ठभाग सुमारे १० ते १४ चौरस मीटर, म्हणजे एखाद्या खोलीच्या जमिनीएवढा होईल. शेवटच्या महिन्यांत या अंकुरांभोवती दर मिनिटाला आईचे अर्धा लिटरहून अधिक रक्त फिरते.

आता एक साधा प्रश्न. रक्त आपल्या रक्तवाहिनीबाहेर आले की गोठते. बोट कापले तर काही मिनिटांत खपली धरू लागते. वारेत आईचे रक्त तिच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या सोडून बाळाच्या पेशींवरून वाहते. शिवाय या पेशींच्या बाहेरच्या बाजूला फॉस्फेटिडिलसेरीन नावाचा स्निग्ध पदार्थ उघडा असतो. तो फॉस्फोलिपिड या कुळातला आहे. रक्त गोठवणाऱ्या घटकांना काम करायला असाच पृष्ठभाग लागतो. मग नऊ महिने हे रक्त तिथे गोठत का नाही?

याचे एक उत्तर पुरून टाकल्या जाणाऱ्या वारेतच दडलेले होते. जर्मनीतल्या मारबुर्ग येथे बेरिंगवेर्के ही लशी आणि रक्तजन्य औषधे बनवणारी जुनी कंपनी होती. तिथे हान्स बोन नावाचे संशोधक वारेतली प्रथिने एकेक करून वेगळी काढत आणि त्यांना क्रमांक देत. १९७० च्या दशकात त्यांनी वेगळ्या केलेल्या प्रथिनांत ‘प्लासेंटा प्रथिन ४’ होते. ते नेमके काय करते, हे तेव्हा कळले नाही. १९८५ साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट येथे ख्रिस राइटेलिंग्स्पेर्खेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नाळेच्या रक्तवाहिन्यांत रक्त गोठू न देणारे एक प्रथिन सापडले. १९८७ साली अमेरिकेत सिएटल येथे वारेतल्या अशाच प्रथिनाची रचना वाचली गेली. जपानी संशोधकही त्याच वाटेवर होते. प्रत्येकाने आपापले नाव ठेवले. पुढे लक्षात आले की हत्ती एकच आहे, आंधळे अनेक. १९९० च्या सुमारास या कुळाला ‘अ‍ॅनेक्सिन’ हे नाव ठरले आणि आपल्या प्रथिनाला पाचवा क्रमांक मिळाला. आज त्याला अ‍ॅनेक्सिन ए-५ म्हणतात. नोबेल पारितोषिकाचे मानकरी रोबेर्ट हूबर यांच्या म्युनिकमधल्या गटाने त्याच सुमारास त्याची त्रिमिती रचनाही उलगडली.

हे प्रथिन करते काय? कॅल्शियमच्या मदतीने ते त्या उघड्या फॉस्फोलिपिडला चिकटते. एक रेणू चिकटला की शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा, असे करत ते पृष्ठभागावर सलग जाळी विणते. अंगणातली माती उडू नये म्हणून आपण फरशी बसवतो, तसेच काहीसे. फरशीखालची माती तिथेच असते, पण पावलांना लागत नाही. गोठवणाऱ्या घटकांना फॉस्फोलिपिडपर्यंत पोहोचता येत नाही आणि रक्त वाहते राहते.

ही झाली गोष्टीची एक बाजू. दुसरी बाजू सुरू होते ती फार वेगळ्या ठिकाणी, उपदंशाच्या म्हणजे गरमीच्या चाचणीत.

१९०६ साली बर्लिनमध्ये आउगुस्ट फोन वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाची रक्तचाचणी काढली. तिच्यासाठी लागणारा अर्क त्यांनी आईकडून उपदंश होऊन दगावलेल्या अर्भकाच्या यकृतातून काढला होता. लवकरच कळले की निरोगी अवयवाचा अर्कही तेच काम करतो. म्हणजे चाचणी पकडत होती ती जंतूला नव्हे, शरीरातल्याच कोणत्या तरी पदार्थाविरुद्धच्या प्रतिपिंडांना. हा पदार्थ १९४१ साली अमेरिकेत मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो निघाला एक फॉस्फोलिपिड. हृदयातून मिळाला म्हणून त्याचे नाव कार्डिओलिपिन. पुढे १९४६ साली त्याच्या आधारे जी चाचणी आली, ती म्हणजे आपल्या परिचयाची व्हीडीआरएल.

मी काही वर्षे एका प्रयोगशाळेत नोकरी केली. गरोदर बायकांच्या व्हीडीआरएल तपासण्या रोजच्याच होत्या. कधी एखाद्या बाईची चाचणी होकारार्थी येई, पण पुढच्या खात्रीच्या तपासणीत उपदंशाचा पत्ता नसे. अशा निकालाला खोटा होकार म्हणतात. हिवताप, कुष्ठरोग, ल्यूपस यांसारख्या आजारांतही तो येतो. पण कागदावरचा पहिला शब्द वाचून घरात काय घडत असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. आधीच गर्भ गमावलेल्या बाईच्या माथी आता चारित्र्याचा संशयही येई. आणि दुर्दैव असे की तिच्या दुखण्याचा धागा कधी कधी त्याच कागदावर असे.

तो धागा हाती यायला वेळ लागला. १९५२ साली अमेरिकेतल्या कॉन्ली आणि हार्टमन या डॉक्टरांना ल्यूपसच्या रुग्णांच्या रक्तात गोठण्याला विलंब लावणारा घटक दिसला. १९७२ साली त्याला ‘ल्यूपस अँटिकोअ‍ॅग्युलंट’, म्हणजे गोठण्याला विरोध करणारा, असे नाव पडले. पण नाव फसवे ठरले. परीक्षानळीत जो घटक गोठणे लांबवत होता, तोच शरीरात गुठळ्या करत होता. १९८३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातले ग्रॅहम ह्यूज यांनी विखुरलेले मणी एका दोऱ्यात ओवले. शिरांमध्ये गुठळ्या, वारंवार गर्भपात, मेंदूचे विकार आणि रक्तातली ही प्रतिपिंडे, हे सगळे एकाच आजाराचे भाग आहेत असे त्यांनी मांडले. त्यांचे सहकारी नायजेल हॅरिस आणि घरावी यांनी त्याच वर्षी कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडे मोजण्याची संवेदनशील पद्धत तयार केली. या आजाराला आता अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात, कोणी ह्यूज सिंड्रोमही म्हणतात.

आता दोन्ही वाटा जवळ आल्या. एकीकडे फॉस्फोलिपिडवर जाळी विणणारे प्रथिन, दुसरीकडे फॉस्फोलिपिडच्या वाटेला जाणारी प्रतिपिंडे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयातले जेकब रँड यांनी हे दोन्ही एकत्र पाहिले. ज्या स्त्रियांचे वारंवार गर्भपात झाले होते आणि ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे होती, त्यांच्या वारेतले अंकुर त्यांनी तपासले. तिथे अ‍ॅनेक्सिन कमी आढळले. हा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. १९९७ साली त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या वारेच्या पेशींवर रुग्णांची प्रतिपिंडे घालून दाखवले की पृष्ठभागावरचे अ‍ॅनेक्सिन कमी होते आणि रक्तद्रव लवकर गोठतो. फरशी उखडली की खालची माती उघडी पडते, तसे. त्यानंतर १९९९ साली गाभण उंदरांना अ‍ॅनेक्सिनविरुद्धची प्रतिपिंडे टोचण्याचा प्रयोग झाला. त्यांच्या वारेचे भाग रक्ताअभावी मेले आणि गर्भ गेले.

या अभ्यासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या परिसराला रक्ताच्या संशोधनाची जुनी परंपरा आहे. १९५२ साली डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांच्या शोधनिबंधातून ‘बॉम्बे रक्तगट’ जगापुढे आला. १९५७ साली मुंबईत रक्तगटांचे संदर्भ केंद्र सुरू झाले. त्याच केंद्राची पुढे राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था झाली. या संस्थेतल्या डॉ. कांजाक्ष घोष, डॉ. श्रीमती शेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण न सापडता गर्भ गमावलेल्या शेकडो भारतीय स्त्रियांचे रक्त तपासले. त्यांचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या प्रतिपिंडांबरोबर त्यांनी थेट अ‍ॅनेक्सिनविरुद्धची प्रतिपिंडेही शोधली, आणि गर्भ गमावलेल्या स्त्रियांत त्यांचा संबंध दिसून आला. परदेशी पुस्तकात वाचलेला आजार आपल्या बायकांतही आहे आणि तो शोधण्याजोगा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

उपचारांचे काय? इथे इतिहास जरा उलटा चालला. उपचार आधी सुरू झाले, त्यांचे कारण नंतर शोधले गेले. कमी मात्रेतली अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शने ही जोडी १९९० च्या दशकात रुळली. लंडनमध्ये रज राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ९० स्त्रियांची पाहणी केली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे फक्त अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के स्त्रियांना, तर दोन्ही औषधे घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. नंतरच्या काही पाहण्यांत एवढा फरक दिसला नाही, तरी हीच जोडी आजही मुख्य उपचार आहे. हेपॅरिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही, हा त्याचा मोठा गुण.

दुसरे नाव आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मुळात हिवतापाचे, पुढे ल्यूपसचे औषध. २०२० सालच्या करोनाच्या साथीत ते घरोघरी माहीत झाले, आणि त्या साथीत त्याचा उपयोग नाही हेही पुढे सिद्ध झाले. पण त्याच्या दहा वर्षे आधी, २०१० साली, रँड यांनी दाखवले होते की प्रयोगशाळेत हे औषध प्रतिपिंडांपासून अ‍ॅनेक्सिनच्या जाळीचे रक्षण करते. नेहमीच्या उपचारांनी गुण न आलेल्या काही स्त्रियांना डॉक्टर ते देतात. मात्र परीक्षानळीतले यश आणि पाळण्यातले यश यांत अंतर असते. ते किती आहे, हे मोठ्या चाचण्यांनीच ठरायला हवे.

इथवर ऐकून कोणाला वाटेल की कोडे सुटले. तसे नाही. २००३ साली अ‍ॅनेक्सिन ए-५ मुळीच नसलेले उंदीर तयार केले गेले, तर ते धडधाकट निघाले आणि त्यांना पिल्लेही झाली. मग ढाल खरी की खोटी? २०१२ साली जपानी संशोधकांनी बारकाईने मोजले, तेव्हा अशा माद्यांना पिल्ले कमी होतात असे दिसले, आणि हेपॅरिन दिल्यावर संख्या वाढली. दुसरे असे की, अशा आजारात गेलेल्या प्रत्येक गर्भाच्या वारेत गुठळ्या सापडत नाहीत. न्यूयॉर्कच्या जेन सामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की वारेतला दाह हाही मोठा गुन्हेगार आहे, आणि हेपॅरिन त्या दाहालाही आवर घालते. म्हणजे ढाल हे एक कारण आहे, एकमेव नाही. अ‍ॅनेक्सिनची तपासणी अजून निदानाच्या नेहमीच्या कसोट्यांत बसलेली नाही, ती याच कारणाने.

आणखी एक शोध मला फार महत्त्वाचा वाटतो. २००७ साली जर्मनीतल्या म्युन्स्टर येथील नादिया बोग्दानोवा आणि सहकाऱ्यांना अ‍ॅनेक्सिन ए-५ च्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागात चार लहान बदलांचा एक संच सापडला. त्याला ‘एम-२’ म्हणतात. तो असला की प्रथिन कमी तयार होते, आणि वारंवार गर्भ गमावणाऱ्या स्त्रियांत तो अधिक आढळला. पुढे हाच संच त्यांच्या नवऱ्यांतही शोधला गेला आणि तिथेही तो तसाच आढळल्याचे याच संशोधकांनी नोंदवले. सगळ्यांचे अभ्यास यावर एकमत नाहीत. पण मुद्दा तर्काला धरून आहे. वार ही आईच्या पोटात असली तरी ती बाळाच्या पेशींची बनते, आणि बाळाची निम्मी जनुके बापाची असतात. ‘हिच्या पोटात काही टिकत नाही’ हे वाक्य जीवशास्त्राच्या दृष्टीनेही अर्धवट आहे.

मग घरच्यांनी काय करावे? ओळखल्या गेलेल्या दर शंभर गर्भधारणांतल्या साधारण पंधरा आपोआप संपतात, आणि बहुतेक वेळा पुढचे बाळंतपण सुखरूप होते. म्हणून एका गर्भपाताने घाबरून जाऊ नये. पण दोन-तीनदा असे झाले, किंवा दहा आठवड्यांनंतर धडधाकट वाढणारा गर्भ गेला, तर नवरा-बायको दोघांनी तपासणीला जावे. अशा स्त्रियांपैकी सुमारे पंधरा टक्क्यांत ही प्रतिपिंडे आढळतात. एकदा निकाल होकारार्थी आला म्हणजे आजार ठरला असे नाही. किमान बारा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते, कारण साध्या तापानंतरही ही प्रतिपिंडे काही दिवस दिसू शकतात. आणि शेजारणीला गुण आला म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा इंजेक्शन आपल्या मनाने घेऊ नये. ज्यांना हा आजार नाही, त्यांना त्यांचा उपयोग नसतो, रक्तस्रावाचा धोका मात्र असतो.

काही वर्षांपूर्वी धायरीला एका लग्नात त्या वहिनी भेटल्या. आता थकलेल्या, एकट्या. मी प्रयोगशाळेत काम केले हे त्यांना ठाऊक होते. बोलता बोलता मी त्यांना वारेतल्या रक्ताची ही हकीकत सांगितली. त्यांना नेमका हाच आजार होता की नाही, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. तेही मी सांगितले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, “म्हणजे अगं, माझं काही चुकलं नव्हतं ना?”

“नाही वहिनी,” मी म्हटले, “तुमचं काहीच चुकलं नव्हतं.”

हे उत्तर त्यांना पन्नास वर्षे आधी कोणी तरी द्यायला हवे होते. त्यासाठी अ‍ॅनेक्सिनचा शोध लागण्याची वाट पाहण्याचीही गरज नव्हती.